सत्य, प्रिय आणि मादाम ल ब्रँ

छायाचित्रकारापुढें बसून स्वतःची तसबीर काढवून घेतांना ‘आहें तसाच दिसूं दे, पण थोडा बरा दिसूं दे’ अशी दुहेरी इच्छा ज्याच्या मनाला शिवली नाहीं असा मनुष्य विरळाच. इच्छेच्या पहिल्या अर्ध्यांत आपण सत्य मागतों, दुसऱ्या अर्ध्यांत त्याच सत्यांत थोडी भेसळ मागतों, आणि दोन्ही माल एकाच दामांत मिळावे असा आपला आग्रह असतो. पूर्वी छायाचित्रकार काचेवर बारीक कुंचला फिरवून गालावरचे वण पुसून टाकी. आज तेंच काम बोटाच्या एका स्पर्शानें होतें. तसबीर घरीं आल्यावर मात्र ‘अगदीं हुबेहूब!’ असा जो उद्गार निघतो तो तेव्हांही मनापासून निघे आणि आजही मनापासूनच निघतो. सत्य बोलावें आणि प्रियही बोलावें, असा ह्या दोघांचा संसार आपल्या स्मृतिकारांनीं मांडून दिला आहे. परंतु त्या संसारांत कलह उत्पन्न झाला म्हणजे कोणाची बाजू घ्यावयाची, हें ज्याचें त्यालाच प्रसंग पाहून ठरवावें लागतें.

हा प्रश्न मला विशेष तीव्रतेनें जाणवला तो एका फ्रेंच बाईच्या आठवणी वाचतांना. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत फ्रान्सच्या सरदार-उमरावांचे, आणि त्यांतही त्यांच्या स्त्रियांचे चेहरे जिनें रंगविले, ती ही एलिझाबेथ व्हिजे ल ब्रँ. तिचा जन्म पॅरिसमध्यें १७५५ सालीं झाला. बाप लुई व्हिजे हा माणसांचीं चित्रें काढूनच पोट भरणारा चित्रकार. मुलगी बारा वर्षांची असतांना तो वारला आणि आईनें एका जवाहिऱ्याशीं दुसरें लग्न केलें. हा सावत्र बाप मुलीची कमाई स्वतःकडे घेई, आणि मेलेल्या चित्रकाराचे कपडे आपल्या अंगाला बेतून घेण्याचेही कष्ट न करतां तसेच वापरी. ही गोष्ट मादाम ल ब्रँ म्हातारपणींही विसरली नव्हती. १७७४ मध्यें, परवाना नसतांना धंदा केला म्हणून तिच्या चित्रशाळेवर टांच आली. पुढें दोन वर्षांनीं तिनें चित्रांचा व्यापार करणाऱ्या ल ब्रँशीं लग्न केलें. तोही सावत्र बापाचाच भाऊ निघाला. दहा लाख फ्रँकांहून अधिक मिळवूनही १७८९ सालीं देश सोडतांना आपल्या नांवावर वीस फ्रँकांचें उत्पन्न नव्हतें, असें ती लिहिते. हें एवढ्यासाठीं सांगितलें कीं, तिच्या चित्रांतील गोडव्याचा निवाडा करावयास बसणाऱ्यानें तो गोडवा कोणाच्या भाकरीसाठीं होता हें विसरूं नये. दरबारांतील खुषमस्कऱ्या आणि गिऱ्हाईक राखून घर चालविणारी बाई हीं दोघें एकच शब्द बोललीं, तरी त्यांना एकाच मापानें मोजणें न्यायाचें नव्हे.

तिची रीत काय होती हें तिनें स्वतःच लिहून ठेवलें आहे. होतकरू चित्रकारांसाठीं उतारवयांत तिनें कांहीं सूचना लिहिल्या. त्यांत रंग कसे लावावे, गिऱ्हाईक येण्यापूर्वीं तयारी कशी करून ठेवावी, ह्या गोष्टी आहेतच. परंतु समोर स्त्री बसली असेल तर तिची स्तुति करावी, ती सुंदर आहे, तिची कांति टवटवीत आहे असें तिला सांगावें, म्हणजे तिचें मन प्रसन्न राहतें व ती आनंदानें बसते, असाही सल्ला आहे. ह्या सल्ल्यांत लबाडी शोधणाऱ्यानें क्षणभर थांबावें. स्तुतीनें चेहरा खरोखरच बदलतो. संकोचानें आखडलेला चेहरा आणि कौतुकानें उमललेला चेहरा हे दोन्ही एकाच माणसाचे. मग पहिला तेवढा खरा आणि दुसरा खोटा असें कोणत्या न्यायानें म्हणावें? परीक्षेच्या दालनांत बसलेल्या विद्यार्थ्याचा चेहरा मीं तीस वर्षें पाहत आलों आहें. पण तोच त्याचा खरा चेहरा आहे असें त्याच्या आईला सांगण्याचें धैर्य मला होणार नाहीं.

राणी मारी आंत्वानेत हिचें पहिलें चित्र मादाम ल ब्रँनें १७७८ सालीं काढलें. राणी तिच्याच वयाची. दोघींचा जन्म एकाच वर्षींचा. पुढल्या दहा-अकरा वर्षांत राणीचीं आणि तिच्या कुटुंबियांचीं मिळून सुमारें तीस चित्रें तिच्या हातून झालीं. ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचा लांबट चेहरा आणि खालचा जाड ओंठ राणीस वारशानें मिळाला होता. तिच्या चेहऱ्याची ठेवण रेखीव नव्हती हें चित्रकर्त्री स्वतः मान्य करते. पण लगेच म्हणते कीं तिची कांति इतकी नितळ होती कीं तिच्यावर सावली ठरत नसे, आणि तिला जुळणारे रंग आपल्यापाशीं नव्हते. एकदां गर्भारपणांत प्रकृति बिघडल्यामुळें ती ठरल्या वेळीं जाऊं शकली नाहीं, व दुसऱ्या दिवशीं क्षमा मागावयास गेली. राणी फिरावयास निघाली होती. तिनें गाडी परत पाठविली व ती चित्रासाठीं बसली. गडबडींत ह्या बाईच्या हातून कुंचले जमिनीवर पडले. तुम्हांला ह्या स्थितींत वांकणें बरें नव्हे, असें म्हणून राणीनें खालीं वांकून ते स्वतः गोळा केले. ज्या बाईचे कुंचले राणीनें उचलून दिले तिनें त्याच कुंचल्यांनीं राणीचा ओंठ थोडा नाजूक केला असेल, तर त्याला खोटेपणा म्हणावयास माझी जीभ वळत नाहीं. तिनें ओंठाबरोबर तें वांकणेंही पाहिलें होतें. माणसाचें चित्र म्हणजे त्याच्या नाकाडोळ्यांची मोजदाद नव्हे. ज्यानें आपल्याशीं सौजन्य दाखविलें त्याच्या मुखावर तें सौजन्य आपल्याला दिसतेंच.

येथवर मी मादाम ल ब्रँचा वकील आहें. ह्याच्या पुढें मात्र वकीलपत्र थोडें जड वाटूं लागतें.

१७८३ सालीं एक गंमतीची गोष्ट घडली. त्या वर्षीं तिला राजकीय चित्र-अकादमींत घेण्यांत आलें. स्त्रियांना तेथें चारच जागा. त्यांत नवरा चित्रांचा व्यापारी म्हणून तिला हरकत घेतली गेली होती, ती राजाज्ञेनें दूर झाली. त्याच वर्षींच्या लुव्रमधील प्रदर्शनांत तिनें राणीचें जें चित्र ठेवलें, त्यांत राणीच्या अंगावर राजवस्त्रें नव्हतीं, जवाहीर नव्हतें. साधा पांढरा मलमलीचा सैल झगा, कमरेला पट्टा, डोक्यावर गवती टोपी आणि हातांत गुलाबाचें फूल. आपल्या उपवनांतील वाड्यांत राणी असा वेष खरोखरच करीत असे. म्हणजे आजवरच्या चित्रांत हें अधिक खरें! आणि ह्याच चित्रावर गहजब उडाला. राणी अंतर्वस्त्रांत लोकांपुढें आली, दासीसारखी दिसली, असे आक्षेप निघाले. परदेशी कापूस अंगावर घेऊन ती लियाँच्या रेशीम विणकरांचें पोट मारते, हाही एक आक्षेप होता. तशी तलम मलमल युरोपांत मुख्यतः आपल्या बंगालकडून जाई. चित्र काढून घ्यावें लागलें. मादाम ल ब्रँनें राणीस तशीच उभी करून, हातांत तेंच फूल देऊन, अंगावर निळसर रेशमी पोषाख आणि गळ्यांत मोत्यें घालून दुसरें चित्र दिलें, आणि सर्वांचें समाधान झालें. मुखवटा नको म्हणून ओरडणारे लोक मुखवटा काढला म्हणजे अधिकच ओरडतात, हा अनुभव केवळ राण्यांचा नव्हे. परंतु चित्रकर्त्रीनें ह्यावरून जो धडा घेतला तो महत्त्वाचा आहे.

दोन वर्षांनीं हिऱ्यांच्या हाराचें प्रकरण उद्भवलें. त्यांत राणीचा अपराध नव्हता. परंतु लोकांनीं तिलाच अपराधी ठरविलें. राजाचा खजिना रिकामा झाला होता, आणि कर्जाचा सगळा बोजा लोकांच्या बोलण्यांत राणीच्या कपड्यालत्त्यावर येऊन पडे. एका स्वीडिश चित्रकारानें मुलांसह राणीचें चित्र काढलें होतें, तें पसंत पडलें नव्हतें. तेव्हां राणी ही उधळी नसून माता आहे हें राष्ट्रास दाखविण्यासाठीं एक भव्य चित्र काढण्याचें काम मादाम ल ब्रँकडे आलें. तें आज व्हर्सायच्या वाड्यांत आहे. तांबड्या मखमलीच्या पोषाखांत राणी बसली आहे. मांडीवर धाकटा मुलगा, खांद्याशीं रेललेली मुलगी. आणि उजव्या बाजूस उभा राहून थोरला मुलगा एका पाळण्याकडे बोट दाखवीत आहे. पाळणा रिकामा आहे. चित्र पुरें होण्यापूर्वीं, १७८७ च्या जूनमध्यें, राणीची धाकटी मुलगी सोफी पुरतें एक वर्षही न जगतां गेली होती.

हें चित्र मीं प्रथम एका पुस्तकांत पाहिलें तेव्हां पाळण्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती, आणि मला तें केवळ थाटाचें वाटलें. गोष्ट कळल्यावर पुन्हां पाहिलें तेव्हां राणीच्या मुद्रेवरची ती किंचित् शून्य दृष्टि मला दिसूं लागली. ह्या चित्रांत खोटें काय आहे? मूल खरेंच मेलें होतें. आई खरीच आई होती. तरीही लोकांवर त्याचा परिणाम झाला नाहीं. प्रदर्शन उघडलें त्या दिवशीं, लोक गोंधळ करतील ह्या भीतीनें चित्र पाठविलेंच नव्हतें. नुसती मोठी चौकट भिंतीवर होती. तिच्याकडे पाहून कोणी तरी म्हणालें, ‘ही पाहा तूट!’ खजिन्यांतील तुटीवर हा विनोद होता, आणि तो साऱ्या पॅरिसभर झाला.

माझ्या मतें नीतीचा खरा कठीण प्रश्न येथें उभा राहतो. असत्य बोलणें म्हणजे नसलेली गोष्ट सांगणें, एवढीच आपली समजूत असते. परंतु विचारलेल्या प्रश्नास दुसऱ्याच एका खऱ्या गोष्टीनें उत्तर देणें ह्याला काय म्हणावें? लोक विचारीत होते पैशाविषयीं, भाकरीविषयीं. त्यांना उत्तर मिळालें रिकाम्या पाळण्याचें. अंगणांत आलेल्या सावकारास आजारी मुलाकडे बोट दाखवून परतविणारा ऋणको खोटें बोलत नाहीं. मूल आजारी असतेंच. पण तेंच तो दर वेळीं करूं लागला, तर एक दिवस सावकारास मुलाचा आजारही खोटा वाटूं लागतो. राणीच्या वांट्यास हेंच आलें. तिचें पुत्रशोकाचें दुःखही पुढें कोणी खरें मानलें नाहीं. पाळण्याकडे बोट दाखविणारा तो थोरला मुलगा १७८९ च्या जूनमध्यें वारला. चित्रापुढून जातांना रडूं आवरेना म्हणून राणीनें तें तेथून हलविलें. बाहेर त्याच आठवड्यांत राज्याच्या तुटीचा हिशेब मागणारे प्रतिनिधि व्हर्सायमध्यें बसले होते.

त्या १७८७ च्याच प्रदर्शनांत मादाम ल ब्रँनें स्वतःचें आणि आपल्या मुलीचें एक चित्र ठेवलें होतें. मुलगी आईच्या गळ्याशीं बिलगली आहे आणि आई हंसत आहे; हंसतांना ओंठ विलग होऊन दांत दिसत आहेत. दांत दाखवून हंसणें हें त्या काळच्या चित्रांत शिष्टसंमत नव्हतें, व त्याबद्दल तिच्यावर टीकाही झाली. मला त्यांत निराळेंच कांहीं दिसतें. जें मोकळें हास्य तिनें स्वतःच्या मुखाला दिलें, तें राणीच्या मुखाला देण्याची सोय नव्हती.

दुसरें एक उदाहरण आपल्या देशाशीं संबंध असलेलें आहे. १७८८ सालीं म्हैसूरच्या टिपू सुलतानानें इंग्रजांविरुद्ध मदत मागण्यासाठीं सोळाव्या लुईकडे तीन वकील पाठविले. मादाम ल ब्रँनें त्यांना नाट्यगृहांत पाहिलें आणि त्यांचीं चित्रें काढण्याचा तिला ध्यास लागला. राजानें सांगितल्याखेरीज आम्ही बसणार नाहीं, असा जबाब मिळाल्यावर तिनें राजाकडून तसें सांगवून घेतलें. त्यांपैकीं महंमद दरवेश खान याचें पूर्णाकृति चित्र म्हणजे तिच्या साऱ्या कामांतील अत्यंत जोरकस चित्र होय, असें मला वाटतें. पांढऱ्या पायघोळ पोषाखांत, हातांत तलवार घेऊन तो असा उभा आहे कीं आपणच त्याच्या दरबारांत उभे आहोंत असें पाहणारास वाटावें. मुखावर स्मित नाहीं, आर्जव नाहीं. चित्र झाल्यावर खानसाहेबांनीं तें बिछान्यामागें लपवून ठेवलें व देण्याचें नाकारलें. शेवटीं त्याच्या नोकराच्या मदतीनें तिनें तें पळविलें, आणि तो नोकर प्राणास मुकावयाचा तो दुभाष्याच्या चातुर्यामुळें वांचला, अशी हकीगत ती मोठ्या चवीनें सांगते. हें चित्र २०१९ सालीं न्यूयॉर्कमध्यें सत्तर लाखांहून अधिक डॉलरना विकलें गेलें. किंमतीचें सोडून देऊं. परंतु ह्या माणसाला खूष करण्याची तिला गरज नव्हती, आणि खूष दिसण्याची त्यालाही गरज नव्हती. दोन्ही गरजा नाहींशा होतांच तिच्या हाताला केवढें बळ आलें! तिच्या अंगीं सत्य पाहण्याची शक्ति नव्हती, असें म्हणणाऱ्या टीकाकारांनीं एकदां ह्या चित्रापुढें उभें राहावें.

१७८९ च्या ऑक्टोबरच्या ६ तारखेस पॅरिसचा जमाव राजाराणीला व्हर्सायहून धरून घेऊन आला. त्याच रात्रीं मादाम ल ब्रँ मजूर बाईचा वेष करून, नऊ वर्षांच्या मुलीस घेऊन, भाड्याच्या टपालगाडींतून पॅरिसबाहेर पडली. त्यानंतर बारा वर्षें तिनें इटली, व्हिएन्ना, पीटर्सबर्ग अशी काढलीं, आणि जेथें गेली तेथें राजेराण्यांचे चेहरे रंगविले. तिच्याबरोबर एकाच दिवशीं अकादमींत आलेली आदेलाईद लाबीय-गियार मात्र मागें राहिली. तिनें नव्या राष्ट्रसभेच्या सभासदांचीं चित्रें काढलीं, त्यांत रोबेस्पिएरचेंही होतें. आणि राजाच्या भावासाठीं काढलेलें आपलें एक प्रचंड अपुरें चित्र तिला १७९३ सालीं सरकारी हुकमानें नष्ट करावें लागलें. पळून जाणारीचीं चित्रें वांचलीं आणि राहणारीचें जळलें, ह्यांत कोणाच्या नीतीचा विजय झाला हें मला सांगतां येत नाहीं.

१७९३ च्या ऑक्टोबरच्या १६ तारखेस राणीला वधस्तंभाकडे नेलें. गाडी जात असतांना एका खिडकींतून चित्रकार दाव्हिद यानें लेखणीच्या चार फटकाऱ्यांनीं तिचें रेखाटन केलें असें मानतात. हा दाव्हिद लोकसभेचा सभासद. राजाच्या मृत्यूच्या बाजूनें त्यानें मत दिलें होतें. चित्रांत केस कापलेली, हात मागें बांधलेली, ओंठ खालीं मुरडलेली एक म्हातारी ताठ बसली आहे. राणीचें वय तेव्हां अवघें सदतीस वर्षांचें होतें. तोच तो जाड ओंठ, जो मादाम ल ब्रँनें इतक्या वेळां संभाळून घेतला होता! पुष्कळ जण म्हणतात, हें खरें चित्र. तीं तीस चित्रें खोटीं. मला हें पटत नाहीं. ज्या डोळ्यानें हें पाहिलें त्याला ती वांकून कुंचले उचलणारी बाई दिसणें शक्यच नव्हतें. द्वेषालाही आपला एक कुंचला असतो, आणि तोही पुसावयाचें तें पुसतोच. वधस्तंभावर चढतांना राणीचा पाय जल्लादाच्या पायावर पडला आणि तिनें त्याची क्षमा मागितली, असें सांगतात. चौदाव्या वर्षापासून जें दाक्षिण्य अंगीं मुरलें होतें तें शेवटच्या पायरीवरही सुटलें नाहीं.

त्या काळीं मेलेल्या सरदार स्त्री-पुरुषांपैकीं बहुतेकांचें मरण असेंच झालें. मुद्रा शांत, पाठ ताठ, ओंठांवर एखादें विनोदाचें वाक्य. इतिहासकारांनीं त्याचें कौतुक केलें आहे, आणि तें योग्यच आहे. तें धैर्य खरें होतें. परंतु मादाम ल ब्रँच्या आठवणींत ह्याविषयीं एक असा परिच्छेद आहे कीं तो वाचल्यापासून मला तें कौतुक निर्वेधपणें करतां येत नाहीं.

पंधराव्या लुईची प्रिय पात्र असलेली मादाम द्यु बारी पुढें पॅरिसजवळच्या लुव्हसिएन येथें राही. मादाम ल ब्रँनें तिचीं तीन चित्रें काढलीं होतीं. बाई उधळी होती, मनाची दयाळू होती, आणि तिचें ज्ञान बेताचेंच होतें. तिच्या पदरीं झामोर नांवाचा एक चाकर होता. हा आपल्या बंगालमधील चितगांवचा. लहानपणीं गुलाम म्हणून युरोपांत नेलेला, व राजानें द्यु बारीला एखादें खेळणें द्यावें तसा दिलेला. रेशमी कपडे घालून त्याला पाहुण्यांपुढें मिरवीत. तो मोठा झाला, वाचूं लागला, आणि खटल्यांत त्यानें आपल्या मालकिणीविरुद्ध साक्ष दिली. ह्याला कृतघ्न म्हणणारीं पुस्तकें पुष्कळ आहेत. परंतु रेशमी कपड्यांच्या आंत त्याचा चेहरा कसा होता हें त्या वाड्यांत कोणी कधीं पाहिलें असेल असें मला वाटत नाहीं.

१७९३ च्या डिसेंबरच्या ८ तारखेस द्यु बारीला वधस्तंभाकडे नेलें. ती इतरांसारखी वागली नाहीं. ती रडली, ओरडली, रस्त्यावरच्या लोकांना हात जोडून जीव वांचविण्याची भीक मागूं लागली. मादाम ल ब्रँ लिहिते कीं, त्या दिवसांत मेलेल्या स्त्रियांपैकीं वधस्तंभ पाहून धीर सुटलेली ही एकटीच; पण तिच्या आक्रोशानें जमाव इतका गलबलला कीं जल्लादानें घाईघाईनें काम उरकलें. आणि पुढें ती म्हणते, ह्यावरून माझी खात्री झाली कीं, त्या काळच्या बळींनीं धैर्यानें मरण्याचा उदात्त अभिमान धरला नसता, तर दहशतीचें राज्य फार लौकर संपलें असतें.

हें कोण लिहितें आहे तें पाहावें. एखादा क्रांतिकारक नव्हे, प्रवचनकार नव्हे. ज्या उदात्त अभिमानाचे चेहरे रंगविण्यांत जिनें आयुष्य घालविलें, ज्या संयत स्मिताला जिनें सौंदर्याची मान्यता मिळवून दिली, ती बाई हें लिहिते. तें स्मित दरबारांत शिकविलें गेलें, चित्रांतून भिंतींवर लागलें, आणि लोकांनीं वर्षानुवर्षें तेंच पाहिलें. तेंच स्मित घेऊन गाडींत बसलेला मनुष्य मरावयास निघाला, तेव्हां बाजारांतील कोळणीला आणि विणकराला तो आपल्यासारखा मनुष्य वाटेना. चौकटींतून उचलून आणलेलें एखादें चित्र वाटलें, आणि चित्र फाडतांना कोणाला दुःख होतें? एक बाई मात्र आपल्या आईसारखी, बहिणीसारखी रडली, आणि लोक चपापले.

ह्या अनुमानावर आक्षेप पुष्कळ घेतां येतील, आणि मीं ते स्वतःशीं घेऊन पाहिले आहेत. द्यु बारीचें रडणें तिला वांचवूं शकलें नाहीं, हा पहिला. दहशतीचें राज्य १७९४ च्या जुलैमध्यें संपलें तें कोणाच्या अश्रूंनीं नव्हे. लोकसभेंतील सभासदांना आपापल्या मानेची काळजी वाटूं लागली म्हणून संपलें, हा दुसरा. मरणाच्या दारीं मनुष्यानें जमावाच्या मनःपरिवर्तनासाठीं रडावें अशी अपेक्षा करणें ही क्रूर थट्टा होय, हा तिसरा. आणि तो मला सर्वांत खरा वाटतो. ज्यानें शांतपणें मरण पत्करलें त्याला मागाहून आपण घरांत बसून ‘तूं रडावयास हवें होतेंस’ असें म्हणणें शोभत नाहीं. शिवाय रडणाऱ्या किती तरी सामान्य लोकांना त्याच यंत्रानें मारलें, व त्यांचें रडणें कोणी टिपून ठेवलें नाहीं. इतकें सगळें कबूल करूनही तें वाक्य मनांतून जात नाहीं. बळींनीं कसें मरावें हा उपदेश त्यांतून काढला तर तें वाक्य अन्यायाचें होतें. पण तो उपदेश मरणाऱ्यांसाठीं नसून आधींच्या वीस वर्षांसाठीं असला तर? द्यु बारीचा जो चेहरा लोकांनीं डिसेंबरच्या त्या दुपारीं पाहिला, तो त्यापूर्वीं कोणी त्यांना दाखविला होता काय? आणि लोकांचे तसले चेहरे, भाकरीच्या रांगेंत उभे असलेले, व्हर्सायच्या भिंतीवर कोणी लावले होते काय? गोड चित्रांनीं बसणाऱ्या व्यक्तीची वंचना झाली नाहीं. तिला आपला ओंठ जाड आहे हें आरशांत दिसतच होतें. वंचना झाली ती एकमेकांकडे पाहणाऱ्या दोन वर्गांची.

मादाम ल ब्रँनें हा विचार आणखी पुढें नेला नाहीं. तो परिच्छेद लिहून ती पुढल्या गोष्टीकडे वळली. पाहुण्यांच्या आणि मेजवान्यांच्या हकीगती पुन्हां सुरू झाल्या. १८०२ मध्यें पॅरिसला परत आल्यावर तिनें नव्या बादशहाच्या बहिणीचेंही चित्र काढलें, आणि तें पूर्वींच्यासारखेंच सुरेख आहे. सुमारें साडेसहाशें व्यक्तिचित्रें आपल्या हातून झालीं असा तिचा हिशेब आहे. त्यांत रडणारा चेहरा मला आठवत नाहीं.

तिच्या द्यु बारीच्या तिसऱ्या चित्राची कथा तेवढी सांगावयाची राहिली. तें तिनें १७८९ च्या सप्टेंबरमध्यें लुव्हसिएन येथें सुरू केलें. दूर तोफांचे आवाज ऐकूं येत आणि द्यु बारी म्हणे, पंधरावा लुई जिवंत असता तर हें असें कांहींच झालें नसतें. डोकें रंगवून झालें होतें. धड आणि हात यांच्या नुसत्या रेषा ओढल्या होत्या. एवढ्यांत मादाम ल ब्रँला पॅरिसला जावें लागलें, आणि तेथून देशाबाहेर. पुष्कळ वर्षांनीं ती परत आली तेव्हां तें चित्र एका सरदाराकडे सुरक्षित होतें. त्यानें तें तिला परत दिलें. तोंपर्यंत द्यु बारीला मरून काळ लोटला होता. मादाम ल ब्रँनेंही पुढें त्याच लुव्हसिएनमध्यें घर घेतलें, आणि १८४२ सालीं ती वारल्यावर तिला तेथेंच पुरलें. म्हातारपणीं तिनें तें अपुरें चित्र पुढें घेतलें, आणि १७८९ मध्यें रंगविलेल्या त्या शांत, किंचित् हंसऱ्या डोक्याला हात न लावतां त्याखालचें राहिलेलें शरीर पुरें केलें.